गवंड्याचा खाडा कोण भरणार?

आपल्या शाळांना पाहुण्यांची वाण कधीच नव्हती. स्नेहसंमेलनाला सरपंच किंवा नगरसेवक येतात, विज्ञान दिनाला जवळच्या महाविद्यालयातले प्राध्यापक येतात, दहावीच्या निरोप समारंभाला परगावी मोठ्या हुद्द्यावर असलेला माजी विद्यार्थी येतो. शाल, श्रीफळ, 'दोन शब्द', आभारप्रदर्शन, चहा. ज्याने शाळेचं गळकं छप्पर दुरुस्त केलं, ज्याने बाकांचे मोडके पाय बसवले, ज्या बाईंनी संमेलनातल्या नाचाचे कपडे शिवले, जी मावशी रोज दीडशे मुलांची खिचडी नजरेच्या अंदाजाने शिजवते, ही माणसं शाळेच्या आवारात पाहुण्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात. पण ती वर्गात येत नाहीत. काम करतात, पैसे घेतात, बहुधा उशिराच घेतात, आणि निघून जातात. त्यांना काही येतं हे शाळेला चांगलं ठाऊक असतं. त्यांच्याकडून काही शिकता येईल, हे मात्र शाळेच्या मनात येत नाही.

गेल्या काही वर्षांत कागदावर तरी ही स्थिती बदलायला घेतली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना द्यावेत, असं सांगितलं. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम करावं, अशी कल्पना आहे. स्थानिक कला, हस्तव्यवसाय, शेती यांतल्या जाणत्या माणसांना शाळांनी निदेशक म्हणून घ्यावं, असंही त्या धोरणात आहे. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने याच तीन इयत्तांसाठी नऊ प्रकल्प आखले: काही माती, झाडं, जनावरांसोबतचे, काही यंत्रं आणि साहित्य हाताळण्याचे, काही माणसांच्या सेवेचे. एनसीईआरटीने त्यासाठी 'कौशल बोध' हे पुस्तक काढलं. महाराष्ट्रात २०२४ पासून शाळांत शनिवारी कृती-उपक्रम घेण्याचा 'आनंददायी शनिवार' आला. आणि समाजातल्या ज्या कोणाला शाळेसाठी वेळ किंवा कौशल्य द्यायचं आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारचा 'विद्यांजली' उपक्रम आहे. तो २०१६ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या पोर्टलसह पुन्हा मांडला गेला. निवृत्त माणसं, नोकरदार तरुण, गृहिणी, परदेशस्थ भारतीय, कोणीही तिथे नाव नोंदवू शकतं.

दार उघडलं आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण उघड्या दारातून कोण आत येऊ शकतं, हा प्रश्न दार उघडण्याइतकाच महत्त्वाचा आहे. माझं म्हणणं असं की शाळेत येऊन शिकवणं हे जोवर निव्वळ स्वयंसेवेवर, म्हणजे बिनपैशाच्या सद्भावनेवर सोडलं जाईल, तोवर ज्यांच्या हातात कसब आहे ती माणसं बाहेरच राहतील. ज्यांच्याकडे मोकळा वेळ आहे तीच आत येतील. आपल्या समाजात या दोन याद्या फारशा एकमेकींत मिसळत नाहीत.

फुकट वेळ देणाऱ्याचा वेळ खरोखर फुकट असतो का, हे आधी पाहू. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आठवड्यातून दोनदा गणित शिकवायला जातात तेव्हा त्यांच्या वेळेची किंमत निवृत्तिवेतनाने आधीच चुकवलेली असते. सॉफ्टवेअर कंपनीतली मुलं 'स्वयंसेवा दिवस' म्हणून शाळेत येऊन भिंती रंगवतात, संगणक शिकवतात, तेव्हा त्या दिवसाचा पगार कंपनी देत असते. गृहिणी येतात तेव्हा घरात दुसरा पगार येत असतो. या सगळ्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. त्यांच्यामुळे अनेक शाळांत वाचनालयं उभी राहिली, मुलांचं इंग्रजी सुधारलं. मुद्दा इतकाच आहे की त्यांच्या सेवेचे पैसे कोणीतरी भरतं आहे, फक्त ते शाळेच्या हिशोबात दिसत नाहीत.

गवंड्याचं तसं नाही. तो बुधवारी शाळेत आला तर बुधवारचा खाडा पडतो. हजेरी बुडते. मुकादमाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला तर गुरुवारची हजेरीही हातची जाते. शिवणकाम करणाऱ्या बाईने लग्नसराईत दोन तास शाळेला दिले तर तिची दोन ब्लाउजं मागे पडतात आणि गिऱ्हाईक बोलतं. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या मेकॅनिकला उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण विहिरीवरचा पंप जळलेला शेतकरी दारात बसलेला असतो. या माणसांना मुलांबद्दल आस्था कमी असते असं मुळीच नाही. त्यांची आस्था त्यांना परवडत नाही.

याचा परिणाम मुलांपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक उघड आहे: शाळेत येणाऱ्या कौशल्यांची यादी आखूड होते. करिअर मार्गदर्शन, व्यक्तिमत्त्व विकास, इंग्रजी संभाषण, अलीकडे कोडिंग. हे सगळं उपयोगाचं आहे, पण हे एकाच थरातल्या माणसांचं ज्ञान आहे. दुसरा परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. ज्ञान इस्त्रीच्या शर्टातून येतं, हे मूल वर्षानुवर्षं पाहतं. स्वतःचा बाप रोज सकाळी थापी आणि ओळंबा घेऊन घराबाहेर पडतो, त्याला जे येतं त्याला शाळेत नाव नाही, हेही ते पाहतं. अशा मुलाला श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहायला सांगणं ही क्रूर थट्टा आहे.

वेळेची किंमत चुकवल्याशिवाय समाजातलं ज्ञान शाळेत टिकत नाही, हे या देशात एकदा सिद्ध झालेलं आहे, आणि तेही शास्त्रज्ञांच्या बाबतीत. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा प्रयोग सुरू केला. घोकंपट्टी बाजूला ठेवून मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचं, अशी त्याची दिशा होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्या खेड्यांत येऊन राहिले. त्यांना स्वयंसेवक म्हणायची आपली पद्धत आहे, आणि त्यांची निष्ठा त्या शब्दाला साजेशीच होती. पण दिल्लीच्या प्राध्यापकांना तिथे काम करता यावं म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने फेलोशिपची सोय केली होती. पुढे खेळण्यांतून विज्ञान शिकवण्यासाठी देशभर ओळखले गेलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये याच कामात आले, ते 'टेल्को' कंपनीतून वर्षभराची अभ्यासरजा घेऊन. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची प्रसिद्ध युक्ती त्या काळातली. म्हणजे होशंगाबादला सद्भावना होतीच, आणि तिच्या पाठीशी रजा होती, फेलोशिप होती, संस्था होत्या. म्हणून तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने बंद करेपर्यंत तीस वर्षं चालला. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला जी सोय लागली ती सुताराला लागणार नाही, असं आपण कशाच्या आधारावर धरून चालतो?

उच्च शिक्षणाने तर हे मान्यच केलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद आणली. क्षेत्रात किमान पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाला औपचारिक पदवीची अट न घालता विद्यापीठात शिकवायला बोलावता येतं. हे पद मानद ठेवता येतं, तसं उद्योगाच्या किंवा संस्थेच्या पैशावर मानधनासहही भरता येतं. विद्यापीठात अनुभवाला किंमत आणि शाळेत अनुभवाला शाल, असा हा भेद आहे.

आता वर्गात काय बुडतं आहे ते पाहू. समजा, एका जिल्हा परिषद शाळेत पाण्याच्या टाकीपाशी मुलांना हात धुवायला ओटा बांधायचा आहे आणि सातवीची बारा मुलं एका गवंड्याबरोबर तो बांधणार आहेत. पहिलं काम आखणीचं. गवंडी एका कोपऱ्यात खुंटी मारतो, एका दिशेला दोरीवर तीन फुटांची खूण करतो, दुसऱ्या दिशेला चार फुटांची आणि दोन खुणांमध्ये टेप धरतो. पाच फूट भरले तर कोन काटकोनात आला. नाही भरले तर दोरी सरकवायची. सातवीच्या पुस्तकात पायथागोरसचा सिद्धांत आहे, पण तिथे काटकोन दिलेला असतो आणि कर्ण काढायचा असतो. गवंड्याला काटकोन कोणी दिलेला नसतो. तो बाजू मोजून काटकोन घडवतो, म्हणजे सिद्धांताचा व्यत्यास वापरतो. हा व्यत्यास मुलं पुढे दहावीत शिकतात आणि बहुतेक जण तो सिद्धांताहून वेगळा का लिहितात हे न कळताच पाठ करतात. दोरी सरकवणाऱ्या मुलाला ते विचारावं लागत नाही.

पुढे माप येतं. गवंडी आणि सुतार इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. 'तीन सूत कमी कर' असं ऐकल्यावर तीन अष्टमांश म्हणजे किती, हे मुलाला विटेच्या कडेवर दिसतं. दोन फळ्यांच्या जाडीतला फरक सुतात काढणारं मूल अपूर्णांकांची वजाबाकी करत असतं. मग माल कालवणं: बांधकामाला सिमेंट एक आणि वाळू सहा, गिलाव्याला एकास चार. गुणोत्तर चुकलं तर पुस्तकात लाल रेघ येते, इथे गिलावा भेगाळतो. विटा आधी भिजवायच्या, कारण कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल नीट धरत नाही. वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. ओळंबा सोडायचा, नळीत पाणी भरून पातळी तपासायची. शेवटी ओट्याला ढाळ द्यायचा. ढाळ चुकला की पाणी साचतं, आणि चूक झाली हे सांगायला शिक्षकाची गरज उरत नाही. मुलांच्या हातून झालेली चूक सगळ्या शाळेला रोज दिसत राहते आणि दुरुस्त करावी लागते. उत्तरपत्रिकेतली चूक कोणाला दिसत नाही, गुण कापले की तिचा विषय संपतो. कामातून शिकण्याचं मोठं बळ या फरकात आहे.

पण इथे एक भाबडी समजूत टाळली पाहिजे. चांगला गवंडी हा आपोआप चांगला शिक्षक होत नाही. तो स्वतः कोणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं राहून शिकला आहे. पाहत, शिव्या खात, माल कालवत. त्याचं ज्ञान त्याच्या हातात आहे, ते शब्दांत मांडायची त्याला कधी गरज पडली नाही. त्याला चाळीस मुलांपुढे पस्तीस मिनिटांच्या तासिकेत उभं केलं तर एक तर तो गप्प राहील, नाहीतर सगळं स्वतःच करून दाखवेल आणि मुलं गर्दी करून बघत राहतील. 'कौशल्य प्रात्यक्षिक' म्हणून शाळांत जे होतं ते बहुतेक वेळा हेच असतं. फोटो निघतात, अहवाल जातो. दुसरीकडे, शिक्षकाला व्यत्यास माहीत आहे पण त्याने दोरी कधी सरकवलेली नाही. दोघांना एकत्र उभं केलं तरच काही घडेल: गवंडी काम करवून घेईल, शिक्षक योग्य क्षणी काम थांबवून 'हे असं का झालं' हा प्रश्न विचारेल आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेईल. म्हणून बाहेरून येणारा माणूस शिक्षकाच्या जागी येता कामा नये. तो शिक्षकाच्या शेजारी आला पाहिजे.

महाराष्ट्रात हे नीट करून दाखवल्याचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेले आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या जागी काम केलेले शास्त्रज्ञ. १९८३ मध्ये ते पाबळला येऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला. त्याची रचना साधी आहे. आठवड्यातला एक अख्खा दिवस कामाचा. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. प्रत्येक मूल चारही विभागांतून जातं. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक करतात, सगळे माती तपासतात आणि रक्तगट काढायला शिकतात. शिकवणारे शक्यतो त्याच परिसरातले हुन्नरी लोक, मानधनावर. मुलं गावाची खरी कामं पैसे घेऊन करतात, त्यामुळे काम नीट झालं की नाही ते गिऱ्हाईक सांगतं. कलबाग २००३ मध्ये गेले, पण अभ्यासक्रम पुढे कितीतरी शाळांत गेला.

पाबळच्या रचनेत प्रत्येक मूल सगळ्या विभागांतून जातं, ही बाब तपशिलाची वाटते. माझ्या मते तो सगळ्या रचनेचा कणा आहे. तो का, हे समजायला आपल्याला जातीकडे यावं लागतं.

आपल्याकडे कसब जन्माला चिकटलेलं होतं आणि अजून बऱ्याच अंशी आहे. कारागिराला शाळेत आणा असं म्हणताना कोणाच्या मुलाने कोणाचं काम शिकायचं, हा प्रश्न टाळता येत नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांची वेळ रोज तीन तासांवर आणली. उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांकडून घरचा धंदा शिकावा किंवा गावातल्या कारागिराच्या हाताखाली जावं, अशी योजना होती. शाळा कमी, मुलं जास्त, पैसा नाही, अशी तिची प्रशासकीय बाजू होती. पण लोकांनी तिचा अर्थ बरोबर वाचला: चांभाराच्या मुलाने चांभारकीच करायची. पेरियार आणि द्रविड चळवळीने 'कुलशिक्षण' म्हणून तिच्यावर झोड उठवली. १९५४ मध्ये राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराज यांनी ती योजना मागे घेतली. आजही एखादी आई 'पोरगं शाळेत घातलं ते कुदळ मारायला नाही' असं म्हणते, तेव्हा तिला श्रमाचं मोल कळत नाही असं समजणं हा आपला उद्धटपणा आहे. तिला श्रमाचं मोल आणि श्रमाचा भाव दोन्ही पक्के ठाऊक असतात.

म्हणून याच प्रश्नावर महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे काय मागितलं, ते पुन्हा वाचण्यासारखं आहे. प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशोब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असं त्यांनी सांगितलं. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, प्रशिक्षित असावेत आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायची त्यांना लाज वाटू नये, अशी त्यांची अपेक्षा होती. राजाजी आणि फुले या दोघांच्याही मांडणीत मूल, शाळा आणि हातकाम आहे, पण दिशा नेमकी उलट आहे. राजाजींच्या योजनेत मूल शाळेतून उठून बापाच्या धंद्याकडे जातं. फुल्यांच्या मागणीत नांगर धरू शकणारा माणूस शिक्षकाच्या जागेवर, शिक्षकाच्या पगारासह येऊन बसतो. पहिल्यात मुलाची पायरी ठरून जाते, दुसऱ्यात कामाची पायरी वर चढते.

यातून एक कसोटी निघते. वकिलाच्या मुलीने थापी धरली पाहिजे आणि गवंड्याच्या मुलाने रक्तगट तपासला पाहिजे. अभ्यासात मागे पडलेल्यांना 'तुम्ही वर्कशॉपला जा' म्हणून वेगळं काढणं बंद झालं पाहिजे. आणि सगळ्यांत अवघड भाग असा की हे फक्त जिल्हा परिषदेच्या शाळांत होऊन चालणार नाही. शहरातल्या महागड्या इंग्रजी शाळा रोबोटिक्स शिकवणार आणि खेड्यातल्या शाळा विटा रचणार असतील, तर ती राजाजींची योजना नव्या वेष्टनात आली असं समजावं.

जातीच्या प्रश्नानंतर दुसरा आक्षेप शिक्षक संघटनांचा आहे आणि तोही खरा आहे. समाजाचा सहभाग हे शब्द सरकारच्या तोंडी आले की पदभरती लांबते, असा त्यांचा अनुभव आहे. महाराष्ट्राने २००० मध्ये शिक्षकाला 'शिक्षणसेवक' केलं आणि पूर्ण पगाराच्या जागी मानधन दिलं. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन सोळा हजारांवर यायला २०२३ साल उजाडलं. वस्तीशाळांवर स्वयंसेवक म्हणून घेतलेल्यांना नियमित शिक्षक होण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच असं आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे कार्यशिक्षणाला माणूस देणं ही कायद्याने सांगितलेली जबाबदारी आहे, कोणाच्या औदार्याची बाब नाही. प्रत्यक्षात या निदेशकांचा प्रश्न नेमणूक, खंड आणि न्यायालय अशा फेऱ्यांत फिरत राहिला, आणि कार्यानुभवाच्या तासाला मुलं क्रेप कागदाची फुलं करत राहिली. सेवा या शब्दाने आपल्याकडे अनेकदा पगाराची जागा घेतली आहे, तेव्हा शिक्षकांनी या शब्दाकडे संशयाने पाहिलं तर त्यांना दोष देता येत नाही.

हा संशय दूर करायचा उपायही पैशातच आहे. फुकट येणारा माणूस शिक्षकाचा पर्याय म्हणून सहज खपवता येतो. हजेरी घेऊन, ठरलेल्या कामासाठी, ठरलेले आठवडे येणारा माणूस शिक्षकाचा पर्याय होऊ शकत नाही, कारण त्याच्या कामाची व्याख्या झालेली असते. आणि हा पैसा मुलांच्या कामातून काढायचा मोहही टाळला पाहिजे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली तेव्हा मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, अशी त्यांची अपेक्षा होती. हातातून शिक्षण ही त्यांची दृष्टी मोठी होती, पण हा भाग तेव्हाच टीकेचा विषय झाला. शिक्षकाचा पगार मुलाने कातलेल्या सुतावर अवलंबून राहिला तर सूत किती निघालं याकडे लक्ष जाणार, मूल काय शिकलं याकडे नाही. मुलांच्या कामाचा पैसा साहित्याला लागावा, माणसाचा पैसा शासनाने द्यावा.

किती लागेल? एका कसबी माणसाची दिवसाची हजेरी हजार रुपये धरू. आठवड्यातून एक दिवस, बारा आठवडे, म्हणजे बारा हजार. वर्षात तीन वेगवेगळी कसबं ठेवली तर छत्तीस हजार, साहित्य वेगळं. आता समग्र शिक्षा योजनेतलं शाळेचं संयुक्त अनुदान पाहा. तीसहून जास्त आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार आणि अडीचशेपर्यंत पन्नास हजार, असे त्याचे टप्पे आहेत. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती आणि स्वच्छता. या अनुदानातून गवंड्याचे पैसे काढायला सांगणं म्हणजे मुख्याध्यापकाला शाळेचा दिवा बंद करायला सांगणं. त्यामुळे या कामासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष लागेल. सामाजिक दायित्वाचा निधी देणाऱ्या कंपन्याही यात पडू शकतात. आपले कर्मचारी एक दिवस भिंती रंगवायला पाठवण्यापेक्षा तेवढ्याच खर्चात गावातल्या रंगाऱ्याला बारा आठवडे शाळेत पाठवता येईल.

पैशाबरोबर काही शिस्तही लागेल. माणूस निवडायचं काम शाळा व्यवस्थापन समितीने करावं. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि गावात कोणाचा हात चांगला आहे आणि कोणाची वागणूक, हे पालकांइतकं कोणाला माहीत नसतं. मुलांबरोबर कोणीही एकटं राहू नये, वर्गशिक्षक पूर्ण वेळ हजर असावा. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम प्रतिष्ठित पाहुण्याला आणि कारागिराला सारखेच लागू व्हावेत. तुकडी दहा-बारा मुलांची असावी, वेळ सलग अर्ध्या दिवसाची. हातमोजे आणि गॉगल आधी, हत्यार नंतर. आणि बायकांचं कसब या यादीतून गळू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांची बियाणं जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांना व्यासपीठावर बोलवायला सगळे पुढे आले. गावोगावी अशा कितीतरी बाया बियाणं राखतात, गोधड्या शिवतात, शंभर माणसांचा स्वयंपाक मापात करतात. त्यांना वर्गात बोलवायला पद्म पुरस्काराची वाट पाहायचं कारण नाही.

या योजनांचं मूल्यमापन होईल तेव्हा किती शाळांनी दप्तराविना दहा दिवस पाळले, पोर्टलवर किती स्वयंसेवकांची नोंदणी झाली, किती फोटो अपलोड झाले, हे आकडे पुढे येतील. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने त्याऐवजी शाळेची कीर्द मागवावी. वर्षभरात गवंडी, शिंपीण, मेकॅनिक, माळी यांच्या नावाने किती व्हाउचरं फाटली आणि ती त्यांच्या चालू हजेरीइतकी होती का, एवढं पाहिलं तरी पुरे. त्या पानावर एकही नाव नसेल, तर श्रमप्रतिष्ठेचे धडे कितीही चांगले छापले तरी मुलांनी खरा धडा कीर्दीवरूनच घेतलेला असेल.